आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आमच्या आजीच्या तोंडी सतत असायची. दुखणे गुडघ्याचे आणि वैद्य जीभ तपासतोय, की आजीचे हे ठरलेले. लहानपणी आम्हाला त्यातले काही कळत नसे, कारण बंब म्हणजे आमच्या लेखी न्हाणीघरातला, तांब्याचा, पाणी तापवायचा. रामेश्वरला आग लागली तर तो न्हाणीघरातून काढून तिकडे न्यायचा कसा, हा आमचा प्रश्न. पुढे बडोद्याच्या रस्त्यावरून घंटा वाजवत धावणारा लाल बंब पाहिला तेव्हा उलगडा झाला. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पंप.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. ती ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून तासाभरावर, एका टेकडीवरच्या गावात राहते. इथे आम्ही विसर्जनाहून भिजून आलेलो, तिकडे वसंत सुरू झालेला. ती म्हणाली, ‘‘मामा, आज पन्हळी साफ केल्या, टाकीतलं पाणी बघितलं आणि पंप चालू करून पाहिला. आता उन्हाळा संपेपर्यंत दर रविवारी हेच.’’ मी विचारले, ‘‘अगं, तुमच्याकडे नळ नाही का?’’ तर म्हणाली, ‘‘आहे ना. पण नळ आमच्याच टाकीचा आणि टाकीवरची मोटर विजेची. वणवा आला की वीज आधी जाते. मग नळ नुसते सुस्कारे टाकतो.’’

आजीची म्हण मला त्या क्षणी आठवली. त्यानंतरचे काही महिने मी मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आले, की व्हिक्टोरियातल्या खेड्यापाड्यांचा पावणेदोनशे वर्षांचा वणव्यांशी झगडा हा बराचसा या एका म्हणीचाच इतिहास आहे. पाणी असते. कधी थोडे, कधी भरपूर. पण आग जिथे आणि जेव्हा येते, तिथे आणि तेव्हा ते हाताशी नसते. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत, म्हणून हा विषय स्मरणिकेत मांडतो आहे.

आपल्याकडे दुष्काळ सालाने ओळखतात, बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. व्हिक्टोरियात वणवे वारांनी ओळखतात. त्यांतला पहिला मोठा ‘काळा गुरुवार’, ६ फेब्रुवारी १८५१. व्हिक्टोरिया तेव्हा स्वतंत्र वसाहतही झालेली नव्हती. त्या एका दिवसात सुमारे ५० लाख हेक्टर, म्हणजे आजच्या राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा भाजून निघाला. माणसे विरळ होती म्हणून बळी बारा-एक गेले. मेंढ्या मात्र दहा लाखांच्या घरात. विल्यम स्ट्रट या चित्रकाराने त्यावर पुढे काढलेले लांबलचक चित्र मेलबर्नच्या सरकारी ग्रंथालयात आहे. घोडे, गुरे, माणसे, पाखरे सगळी एकाच दिशेने जीव घेऊन धावताहेत. त्या वेळी लढायची हत्यारे म्हणजे ओली पोती आणि झाडाच्या हिरव्या फांद्या.

गोऱ्या वसाहतवाल्यांना हा देश नवा होता. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे योग्य ऋतू पाहून छोट्या, मंद आगी लावत आणि वाळलेला पालापाचोळा मोठ्या आगीसाठी उरूच देत नसत. ती रीत मोडली गेली. त्यात झाड निलगिरीचे. आपल्याकडे निलगिरी म्हटले की सर्दीचे तेल आठवते. तेच तेल पानापानांत भरलेले झाड पेटले म्हणजे काय होत असेल! शिवाय काही जातींच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबतात. त्या पेटल्या की वाऱ्यावर उडतात आणि आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडतात. म्हणजे आग चालत येत नाही, उडी मारून येते. नदीकाठी उभे राहून तिची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पाण्याचे म्हणाल तर शेतकऱ्याची सोय दोन प्रकारची. पत्र्याच्या छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळीतून टाकीत घ्यायचे, ते पिण्याचे. आणि शेतात खड्डा खणून मातीचा बांध घातलेले तळे, ते गुरामेंढरांचे. तिकडे त्याला ‘डॅम’ म्हणतात, पण आपले शेततळे म्हटले की चित्र बरोबर डोळ्यांपुढे येते. हे पाणी घरापासून रानात न्यायला शेपर्टन गावच्या जॉन फर्फी नावाच्या लोहाराने १८८० च्या सुमारास एक गाडा बनवला. दोन चाके, आडवे लोखंडी पिंप, त्यात आठशे लिटरच्या आसपास पाणी. हा गाडा इतका खपला, की पहिल्या महायुद्धात सैन्याच्या छावण्यांतही तोच पाणी पुरवू लागला. गाड्याभोवती जमून सैनिक गप्पा हाणत, अफवा पसरवत, आणि तेव्हापासून तिकडच्या इंग्रजीत ‘फर्फी’ म्हणजे अफवा! आपल्या पाणवठ्यावरच्या गप्पांना असा शब्दकोशातला मान कधी मिळाला नाही. असो. रानात आग लागली की हाच गाडा घोडा जुंपून धावत असे, आणि पाठीवर पंप घेतलेली माणसे त्याच्यातून पाणी भरून घेत. तो पाठीवरचा पंप म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या फवारणीच्या पंपाचा भाऊ. मावणारे पाणी पंधरा-सोळा लिटर.

इथे हिंदुस्थानचा एक धागा येतो. आल्फ्रेड डीकिन हे पुढे तीन वेळा ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. त्याआधी ते व्हिक्टोरियाचे पाणीपुरवठा मंत्री होते. नद्यांच्या पाण्यावर काठच्या जमीनमालकाचा नव्हे तर सरकारचा हक्क, हे तत्त्व तिथल्या १८८६ च्या कायद्याने आणले, ते डीकिन यांचे काम. १८९० च्या अखेरीस ते मेलबर्नच्या एका वृत्तपत्रासाठी आपल्याकडचे कालवे आणि तलाव पाहायला आले आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या सिंचनावर त्यांचे पुस्तक निघाले. कोरड्या मुलखात पाणी लांबवर न्यायचे, ही त्या पिढीची ध्यासाची गोष्ट होती. राज्याच्या पश्चिमेला विमेरा आणि मॅली नावाचे सपाट, कोरडे भाग आहेत. तिथे डोंगरातले पाणी मातीच्या उघड्या पाटांनी शेतोशेती पोचवायची व्यवस्था याच सुमारास सुरू झाली आणि वाढत वाढत पाटांची लांबी सुमारे १७,५०० किलोमीटर झाली. ठरलेल्या वेळी पाट सुटायचा, प्रत्येकाचे शेततळे भरून घ्यायचे, मग पुढच्या पाळीपर्यंत त्यावर भागवायचे. पाण्याची पाळी, पाटकरी, शेजाऱ्याने बांध फोडल्याची भांडणे, हे सगळे आपल्याला सांगायला नको. या पाटांचा पुढे पुन्हा संबंध येणार आहे.

डोंगरात मात्र गोष्ट वेगळी होती. मेलबर्नच्या पूर्वेच्या पर्वतात निलगिरीचीच एक जात आहे, जगातल्या सर्वांत उंच झाडांत तिची गणना होते. तिचे लाकूड कापणाऱ्या गिरण्या थेट जंगलाच्या पोटात होत्या. कामगार, त्यांच्या बायका, मुले तिथेच राहत. पाणी ओढ्याचे. १९३८ चा हिवाळा कोरडा गेला आणि १९३९ च्या जानेवारीपर्यंत ओढे आटत आले. १३ जानेवारी १९३९, ‘काळा शुक्रवार’. मेलबर्नचा पारा ४५.६ अंशांवर गेला. आधीपासून धुमसत असलेल्या अनेक आगी वाऱ्याने एक झाल्या. ७१ माणसे गेली, ६९ गिरण्या राख झाल्या, नार्बेथाँग आणि नूजीसारखी गावे जवळजवळ पुसली गेली. काही गिरण्यांजवळ जमिनीत खोदलेल्या, लाकडाचा आधार दिलेल्या खोल्या होत्या. दारावर ओले घोंगडे धरून त्यांत बसलेली काही माणसे वाचली, काही तिथेच गुदमरली. जिथे अशी खोलीच नव्हती, तिथे पळायला एकच रस्ता, तोही जंगलातून.

चौकशीसाठी न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांचे रॉयल कमिशन नेमले गेले. त्यांचा अहवाल इतक्या स्वच्छ आणि करड्या भाषेत लिहिलेला आहे, की पुढे कित्येक वर्षे तो तिथल्या शाळांत इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून शिकवला गेला. सरकारी अहवालाला असे भाग्य क्वचितच. आगी निसर्गाने नव्हे, माणसांच्या हातांनी लागल्या, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. जमीन साफ करायला, चराईसाठी, गवत फुटावे म्हणून जो तो काडी लावत होता. आपल्या सह्याद्रीत शिकारीसाठी किंवा ‘पुढच्या वर्षी गवत चांगले येते’ म्हणून लावलेले वणवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. स्ट्रेटन यांना दुसरी गोष्ट दिसली ती व्यवस्थेची. जंगल खात्याची माणसे एकीकडे, गावोगावचे स्वयंसेवक दुसरीकडे, पाणी खात्याची तिसरीकडे, आणि कोणाचा शब्द कोणावर चालत नाही. यातून धडा घ्यायला आणखी एक आग लागावी लागली. १९४४ मध्ये पुन्हा वणवे पेटले, पुन्हा स्ट्रेटन यांचेच कमिशन बसले, आणि १९४५ मध्ये ग्रामीण भागासाठी ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ उभी राहिली. तिकडे तिला सगळे सीएफए म्हणतात. तिचा कणा आजही बिनपगारी स्वयंसेवकांचा आहे. शेतकरी, दुकानदार, मास्तर. भोंगा वाजला की हातातले टाकून गाडीवर चढायचे.

त्याच १९४४ च्या उन्हाळ्यात मेलबर्नच्या बोमॅरिस या समुद्राकाठच्या उपनगरात घरे जळाली आणि बॅरो नावाच्या संशोधकाने एकेक घर पाहून ती कशी जळाली याचा हिशेब मांडला. बरीचशी घरे ज्वाळेने पेटलेलीच नव्हती. वाऱ्याबरोबर आलेले निखारे कौलांच्या फटीतून, पोटमाळ्यातून, पायाखालच्या मोकळ्या जागेतून आत शिरले होते. आग पुढे निघून गेल्यावर घर आतून पेटत होते. याचा पाण्याशी थेट संबंध आहे. भिंतीएवढ्या ज्वाळेशी लढायला नदी लागेल. पण पडेल तो निखारा विझवायला बादली, पोतेरे आणि बागेचा पाइपही पुरतो. फक्त ते पाणी घराजवळ हवे, आणि आग येण्याआधीच्या व गेल्यानंतरच्या काही तासांत हवे. हे शहाणपण कागदावर उतरले खरे, गावागावांत मुरायला चाळीस वर्षे लागली.

मुरवले ते १६ फेब्रुवारी १९८३ ने, ख्रिस्ती पंचांगातल्या ‘ॲश वेन्सडे’ने. आदल्या आठवड्यात मेलबर्नवर लाल धुळीचे वादळ येऊन गेले होते, इतकी जमीन कोरडी. दोन राज्यांत मिळून ७५ माणसे गेली, ४७ व्हिक्टोरियात आणि २८ दक्षिण ऑस्ट्रेलियात. ठिकठिकाणी वीज गेली, सगळ्यांनी एकदम नळ सोडल्यामुळे जिथे नळ होते तिथेही पाण्याची धार करंगळीएवढी झाली. कॉकाटू नावाच्या गावात सुमारे ३०० माणसे, त्यांत बहुतेक बायका-मुले, बालवाडीच्या इमारतीत शिरली. मुलांना ओल्या कापडाखाली बसवले आणि काही जण छपरावर चढून पडणारे निखारे विझवत राहिले. सगळी वाचली. त्याच रात्री अप्पर बीकन्सफील्डजवळ वारा एकाएकी फिरला आणि दोन गाड्यांवरचे बारा स्वयंसेवक आगीत सापडले. मॅसिडॉन डोंगरावरच्या घरांचा नंतर जो अभ्यास झाला त्यातून दिसले, की जिथे धडधाकट माणूस थांबून निखारे विझवत राहिला, तिथली बहुतेक घरे टिकली होती. त्यातून पुढचे धोरण निघाले: तयारी करा, मग एक तर थांबून लढा किंवा खूप आधी निघा. ‘तयारी’ या शब्दात पाणी पहिले. हे धोरण अर्धे खरे होते, आणि त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागला.

त्याआधी १९९८ मधली एक घटना सांगायला हवी. ती आकड्यांच्या मानाने लहान आहे, पण हा लेख लिहिताना मला सगळ्यांत जास्त टोचली ती हीच. २ डिसेंबर १९९८ ला लिंटन गावाजवळ वणवा विझवत असलेल्या दोन टँकरांमधले पाणी संपत आले. ते भरून आणायला दोन्ही गाड्या रानातल्या वाटेने निघाल्या. तेवढ्यात वारा फिरला. आगीची कड होती तीच आगीचे तोंड झाली. जिलाँग वेस्टच्या गाडीतले पाचही स्वयंसेवक गेले; दुसऱ्या गाडीतले वाचले. पाच माणसे पाणी आणायला जाताना आगीत गेली. अशा टँकरमध्ये तीन-चार हजार लिटर पाणी मावते. मिनिटाला दोनशे लिटर फेकणारा एक पाइप सोडला तर वीस मिनिटांत तळ दिसतो. पुढे तळे किती दूर, वाट कशी, वळायला जागा आहे का, यावर सगळे. या घटनेची न्यायालयीन चौकशी दीर्घकाळ चालली आणि त्यानंतर एक नियम पक्का झाला: समोर काहीही जळत असो, गाडीवरच्या माणसांच्या बचावापुरते पाणी टाकीत राखूनच ठेवायचे, ते आगीवर मारायचे नाही. ठेवणीतल्या पाण्याची ही कल्पना मग घरांच्या टाक्यांतही शिरली.

७ फेब्रुवारी २००९ हा ‘काळा शनिवार’ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, कारण तोवर आपली मुले तिकडे जाऊ लागली होती. मेलबर्नला ४६.४ अंश. सकाळी किलमोर ईस्टजवळ विजेची एक तार तुटून पडली आणि तिच्या ठिणगीने जो वणवा निघाला त्यात एकट्यात ११९ जण गेले. सगळ्या आगींचे मिळून १७३. मेरीजव्हिल, किंगलेक, स्ट्रॅथेवन ही नावे तिथल्या माणसाच्या तोंडून आजही सावकाश निघतात. तारेने आग लावली आणि तारा पडल्यामुळे घरोघरचे पाण्याचे पंपही बंद पडले, असा तो दुहेरी घात. ज्यांच्याकडे पेट्रोलचे पंप होते त्यांतले काही ऐन वेळी धग लागून अडखळले, कारण अतिउष्णतेत पेट्रोलची नळीतच वाफ होते. कुठे पंप चालू राहिला पण प्लॅस्टिकची नळी वितळली. टाकी भरलेली, आणि धार नाही.

बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशी केल्या. विजेच्या जुन्या तारांपासून आसऱ्याच्या जागांपर्यंत बरेच त्यांत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढे, की ‘तयारी असेल तर थांबा’ या सल्ल्याची हद्द आखली गेली. काही दिवस असे असतात की टाकी कितीही मोठी असो, त्या दिवशी घर सोडून जाणे हीच तयारी. पाणी माणसाला धीर देते, आणि कधी नको तितका देते. टाकीत उतरून बसणाऱ्यांना तर तिथले लोक आवर्जून बजावतात: आगीत उघड्यावरच्या टाकीतले पाणी तापते, त्यात आसरा घेऊ नका. आपल्या न्हाणीघरातला बंब आठवा, म्हणजे हे पटेल.

आता भाचीच्या घरी जाऊ. माझ्या आग्रहावरून तिने फोनचा कॅमेरा फिरवून सगळे दाखवले, आणि त्या दहा मिनिटांत मला ही सगळी वर्षे एका अंगणात दिसली. टाकी पत्र्याची. बुशफायर संशोधन केंद्राने वेगवेगळ्या टाक्या मुद्दाम आगीत धरून पाहिल्या होत्या. पोलादी टाकीने पाणी राखले, प्लॅस्टिकची पाण्याच्या पातळीपर्यंत वितळत आली. टाकीला दोन तोट्या. घरात जाणारी तोटी वर, जमिनीपासून बरीच उंच, आगीसाठीची खाली. म्हणजे घरच्यांनी कितीही उधळपट्टी केली तरी वरच्या तोटीखालचे १०,००० लिटर पाणी कोणाला वापरताच येत नाही. मला ही युक्ती फार आवडली. ‘राखून ठेवा’ असे सांगून माणूस ऐकत नाही, तोटीच तशी बसवली की प्रश्न मिटतो. सुमारे पाव एकराच्या पुढे नवे घर बांधायचे तर वणव्याच्या पट्ट्यात हे १०,००० लिटर आता नियमानेच लागतात. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात मोठ्या जमिनीला २०,०००. खालच्या तोटीला ६४ मिलिमीटरचे एक ठरावीक कपलिंग आहे. अग्निशामक गाडी येईल, तिची नळी याच मापाची असेल. ही तोटी गाडीच्या वाटेपासून चार मीटरच्या आत पाहिजे, कारण गाडीवरच्या माणसांना अंधारात, धुरात ती शोधायला वेळ नसतो. न्यू साउथ वेल्समध्ये फाटकावर ‘एसडब्ल्यूएस’ अशी तीन अक्षरांची पाटी लावतात. अर्थ एवढाच, की या आवारात साठलेले पाणी आहे, या.

पंप डिझेलचा, दगडी भिंतीच्या आडोशाला. नळ्या जमिनीत पुरलेल्या, जिथे वर येतात तिथे धातूच्या. एका दोरीला दोन टेनिसचे चेंडू बांधून ठेवलेले दिसले. मला वाटले मुलांचे. ‘‘नाही मामा, ते पन्हळीचे आहेत.’’ आग येतेय असे कळले की पन्हळीच्या उतरत्या पाइपात चेंडू दाबून बसवायचा आणि पन्हळ पाण्याने भरून टाकायची, म्हणजे तिच्यात पडणारे निखारे विझतात. चेंडू जुनेच चालतात, असेही तिने सांगितले.

सगळे एवढे सुरळीत असते तर म्हण खोटी ठरली असती. विमेरा-मॅलीच्या त्या उघड्या पाटांकडे परत येतो. १७,५०० किलोमीटर मातीच्या पाटात जितके पाणी सोडावे त्यातले बहुतेक जमिनीत मुरून आणि उन्हाने उडून जाई. २००० नंतरच्या मोठ्या दुष्काळात हे परवडेना. २००६ ते २०१० या काळात सरकारने पाट बंद करून जवळजवळ ९,००० किलोमीटर बंद नळ घातले. काम उत्तम झाले, अब्जावधी लिटर पाणी दर वर्षी वाचू लागले, नद्यांना पाणी सुटले. पण शेतोशेतीची तळी आता भरेनात. मैलामैलावर जे उघडे पाणी दिसायचे, ज्यात टँकर मागे घेऊन पाइप बुडवला की झाले, ते सुकले. नळ जमिनीखाली, आणि त्यातून धारही मोजकी, कारण तो घरच्या आणि गुरांच्या गरजेपुरताच आखलेला. वाया जाणारे पाणीच आगीच्या दिवशी कामाचे होते, हे हिशेबात उशिरा धरले गेले. मग अग्निशमनासाठी वेगळ्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागा योजनेत घ्याव्या लागल्या. गळती बंद करण्यात चूक नव्हती, पण गळणारे पाणी कोणाच्या उपयोगी पडत होते हे आधी विचारायला हवे होते, असे मला वाटते. आपल्याकडे विहिरी बुजवून नळ आले, तेव्हा तरी हे कोणी विचारले?

आग विझल्यावरही पाण्याचा प्रश्न संपत नाही. १८ जानेवारी २००३ ला राजधानी कॅनबेरात वणवा शिरला. चार माणसे गेली आणि सुमारे ५०० घरे. शहराला पाणी देणारे कॉटर नदीचे खोरेही जळाले होते. पुढच्या पावसात राख आणि माती धुपून धरणात आली आणि इतकी वर्षे जवळजवळ जसेच्या तसे पिता येणारे पाणी गढूळ झाले. माउंट स्ट्रॉम्लोला मोठे शुद्धीकरण केंद्र घाईने बांधावे लागले. २०१९-२० च्या उन्हाळ्यात देशभर २ कोटी ४० लाख हेक्टर जळाले, ३३ माणसे थेट आगीत गेली, ३,००० हून अधिक घरे गेली. तेव्हा सिडनीच्या वॉरागंबा धरणाचे खोरेही होरपळले. पाऊस येण्याआधी तलावात गाळ अडवायचे पडदे सोडण्याची धावपळ झाली. त्या वर्षी दुष्काळही होता. शेततळ्यात गुरांसाठी राखलेले शेवटचे पाणी हेलिकॉप्टर बादलीत उचलून नेत होते. शेतकऱ्याने काय म्हणावे? शेजाऱ्याचे घर वाचले याचा आनंद, आणि उद्या गुरांना काय पाजू ही चिंता. व्हिक्टोरियात अशा वेळी आगीसाठी नेलेले गरजेचे पाणी नंतर टँकरने भरून द्यायची रीत आहे. आग चालू असताना मात्र परवानगी विचारत कोणी बसत नाही.

आपल्या आजव्याचे पाणी सयाजीराव महाराजांच्या काळात शहरात आले ते उताराने, विजेवाचून. हे मी भाचीला सांगितले तर ती हसली आणि म्हणाली, ‘‘आमच्या शेजारच्या आजोबांनी तेच केलंय.’’ त्या गृहस्थांनी घराच्या वरच्या उतारावर एक जुनी सिमेंटची टाकी ठेवली आहे. पंप नाही, मोटर नाही. कॉक सोडला की पाणी खाली. धार बारीक येते, पण येतेच. २००९ ला ते तिथेच होते. त्या दिवसाबद्दल ते बोलत नाहीत, फक्त वर्षातून एकदा, सप्टेंबरात, भाचीच्या घरी येऊन तिच्या टाकीच्या खालच्या तोटीचे कपलिंग हाताने उघडून बघतात. गंज चढला असेल तर तेल घालतात, परत घट्ट बसवतात आणि चहा न घेताच निघतात.

यंदाही ते येऊन गेले. भाचीने पंप चालवून पाहिला. पहिल्या दोन ओढींना सुरू झाला नाही, तिसऱ्याला झाला. बॅटरी बदलायची आहे म्हणाली. मी विचारले, कधी? तर, ‘‘या शनिवारी मामा, नक्की.’’ शनिवारी मी फोन करणार आहे.